करवंदवाडीचा कौल

१

देवीच्या दगडाला कुणीतरी तेल लावलं होतं. मला ते कळलं सोमवारी दुपारी, आणि तोवर सकाळीच सगळ्याची माती झालेली.

मी कुंदा. उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात जीन्सच्या पँटी शिवायचे. सेठ लोकांशी भांडून भांडून माझी जीभ अशी झालीय की घरचेसुद्धा माझ्याशी जपून बोलतात. ८५ साली आम्ही शिलाईवाल्या बायका, अंबरनाथचे कंत्राटी कामगार आणि बदलापूरपुढचे आदिवासी पाडे, अशी मिळून एक समिती काढली. मागण्या साध्या होत्या. नीट नोकरी, राहायला घर आणि यायला-जायला एसटी. पुढारी गुरुदत्त, अंबरनाथच्या एका फॅक्टरी ऑफिसरचा मुलगा. शिकलेला, गोरागोमटा, पण उन्हातान्हात फिरायला कधी कंटाळला नाही, हे मी आजही नाकारत नाही.

मोर्चे काढून काढून चपला झिजल्या तेव्हा ८८च्या जानेवारीत त्यातल्या करवंदवाडी या एका पाड्यापुरतं का होईना, सरकार वाकलं. वाडीची भातखाचरं नव्या कारखान्यांच्या वसाहतीत जात होती. त्या बदल्यात घरटी एक पक्की नोकरी, पालेगावला एक खोली आणि तिथून स्टेशनपर्यंत एसटी. अट एकच. शुक्रवारी सगळ्या वाडीने एकत्र येऊन अंगठे द्यायचे. एक घर जरी मागे राहिलं तरी करार रद्द, आणि जमीन तर ते तशीही घेणारच होते.

पण करवंदवाडी देवीला विचारल्याशिवाय जागची हलत नाही. वाडीच्या टोकाला झाडाखाली पार आहे, पारावर पुरुषभर उंचीचा काळा दगड. ती देवी. बारकू भगत दगड ओला करतो, दोन भिजलेले तांदळाचे दाणे दोन बाजूंना चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवा आधी गळला तर हो, डावा गळला तर नाही.

मला हे पटत नव्हतं. गुरुदत्तला तर मुळीच नाही. पण कौलाच्या आदल्या दिवशी माझे थंडीने फुटलेले हात बघून त्याने खिशातल्या छोट्या बाटलीतलं खोबरेल तेल हातावर दिलं आणि म्हणाला, "कुंदाताई, टेन्शन घेऊ नका. कौल आपल्याच बाजूने लागणार." मोटारसायकलवरून फिरायचा, हिवाळ्यात ती बाटली कायम त्याच्याजवळ असायची. मला बरं वाटलं. पुढाऱ्याने असंच बोलायचं असतं.

सोमवारी सकाळी सगळी वाडी जमली. मी गर्दीच्या मागे होते, मला दगड दिसतच नव्हता. एरवी दाणा गळायला वेळ लागतो, तोवर बाया गाणी म्हणतात. त्या दिवशी पहिलं गाणं सुरूसुद्धा झालं नाही आणि दाणा पडला. गुरुदत्तने दोन टाळ्या वाजवल्या. मग बाया रडायला लागल्या, तेव्हा मला कळलं की देवी नाही म्हणाली. शिकलेल्या माणसाला कुठे टाळ्या वाजवाव्या एवढं कळू नये, म्हणून मी मनातल्या मनात चिडले.

दुपारी पार रिकामा झाल्यावर मी रागारागाने वर चढले. एक दाणा अजून दगडाला चिकटून वाळला होता. दुसरा खाली पडलेला, तिथे माझ्या उजव्या हाताकडची बाजू बुळबुळीत. झाडाच्या थंड सावलीत तिच्यावर पांढरट साय धरली होती. बोटाने खरवडून वास घेतला. खोबरेल.

मी बारकूला हाताला धरून आणलं. म्हातारा बराच वेळ बोट चोळत राहिला.

"बाय, ह्यो कौल खोटा," तो शेवटी म्हणाला. "पर दुसरा कौल तसा नाय लागत. ज्यानं ह्यो केला त्यानं देवीपुढं उभं राहून कबूल करायचं, कोंबडा द्यायचा. मंगच मी दाणं लावीन."

शुक्रवार डोक्यावर होता.

२

वाडीत मोहाचं नाहीतर रेशनचं तेल चालतं. खोबरेल डोक्याला लावणारा एकच, चांगो मुकादम. त्याच्या डोक्यावर माशी बसली तर घसरून पडेल, एवढं तेल. दरवर्षी वाडीतली माणसं वीटभट्टीवर न्यायचा त्याचा धंदा. सगळ्यांना पक्की नोकरी लागली तर चांगो काय स्वतः विटा थापणार होता? माझ्या हिशेबाने प्रकरण मिटलं होतं.

मंगळवारी तो बदलापूर स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर सापडला. मी बाकड्यावर बसलेच नाही.

"चांगो, पारावर कधी गेला होतास?"

"कुंदाबाय, बस की. चाय बोलू?"

"खाली-पिली गोड बोलू नकोस. दगडाला तेल तू लावलंस."

तो हसला नाही, चिडला पण नाही. डोकं माझ्यासमोर वाकवलं. "घे वास."

आजूबाजूचे बघायला लागले. मला शरम वाटली, पण घेतला वास. चमेली. भपकारा असा की चहाचा वास मरून जावा. दगडावरच्या तेलाला असला काही वास नव्हता.

"मी वाईट मानूस हाय, मना ठावं हाय," चांगो म्हणाला. "पर देवीला हात नाय लावनार. आनि मानसं काय, वांगणीकडून बी मिळतात मना. वाडीचं जाईल तं मी दुसरी बघीन. तू घरातलं बघ ना. वाडीत कुनाला ह्यो करार नको हाय?"

"सगळ्यांना हवाय."

"तुळशीला इचारलास का?"

३

तुळशी विधवा होती. तिशीची, पदरी एक मुलगी, झोपडी वेगळी, चूल वेगळी, खाचराचा तुकडा स्वतः कसायची. मी गेले तेव्हा अंगणात मोळी बांधत होती. मला बघून तिने पाट टाकला, पाणी दिलं.

"तुळशे, तुला करार नको होता?"

तिने मोळीची गाठ ओढली. "माजं घर कुठं हाय त्यात?"

"म्हणजे?"

"मोजायला आलं तवा दिरानं सांगितलं, ही आमच्यातच हाय. नोकरी दिराला, खोली दिराला. माजं खाचर बी गेलं. मी आन् माजी पोर कुठं जायचं, पालेगावला जावंच्या दारात?"

मला हे ठाऊक नव्हतं. वाडीची घरं गुरुदत्तने मोजून घेतली होती.

"गुरुदत्तला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. दादा बोलला, आता यवढं पदरात पाडून घेऊ, बायकांचं मंग बघू."

माझ्या कानशिलात कुणी मारावी तसं झालं. समितीत अर्ध्याहून जास्त आम्ही बायकाच. मोर्च्याला पुढे बायका, लाठी खायला बायका, आणि मोजायच्या वेळी मग बघू. पण मी रडायला आले नव्हते, शोधायला आले होते.

"म्हणून तेल लावलंस?"

तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "कौल पडला तवा मना आनंद झाला. खोटं कशाला बोलू? पर विधवेला पार चढता येत नाय, बाय. मी चढले असते तं तानीनं वरडून वाडी गोळा केली असती. त्या दिशी दगड धुवायची पाळी तिची होती. पहाटंपासून ती तितंच होती. तिला इचार कोन आलं व्हतं."

४

तानी तिची जाऊ. दोघींचं फार सख्य नव्हतं, तरी तानीने लगेच सांगितलं, "तुळशी नाय आली. तिचं नाव घेऊ नको उगी."

"मग कोण आलं? चांगो? बारकू?"

"भगत तं सूर्य वर आल्यावर आला. आन् त्याला देवीकडनं नकार काढायचा असता तं तेल कशाला, दाना हलका चिकटवला की झालं. त्याचा नातू तं नोकरीचे कपडे शिवून बसलाय." तिने आठवून बघितलं. "मी दगड धुतला. मंग हंडा भरायला इहिरीवर गेले. परत आले तवा गुरुदादा व्हता पारावर."

"गुरुदत्त? तो काय करत होता?"

"फोटू काढाया आलो बोलला. दगडावर हात फिरवून बघत व्हता, किती गुळगुळीत हाय म्हनून."

त्याची बाटली मला आठवत होती. पण सगळ्या वाडीत होकार सर्वांत जास्त कुणाला हवा होता, तर गुरुदत्तला. शुक्रवारी पेपरवाले बोलावले होते त्याने. नकार पडावा म्हणून तो का तेल लावेल? आपल्याच पायावर धोंडा कोण पाडून घेईल? माझा भेजा चालेना.

"तानी, मला परत एकदा दाखव. कुठला दाणा पडला की हो?"

ती मला पारावर घेऊन गेली. मला वाटलं बोट दाखवेल. तिने तसं केलं नाही. ती वळली, दगडाला पाठ टेकवून, तोंड वाडीकडे करून उभी राहिली आणि आपला उजवा हात वर केला.

"ह्यो. पोरांना पन आमी असंच शिकवतो. आधी देवीसारखं उभं राहायचं, मंग हात दाखवायचा."

मी तिच्यासमोर उभी होते. तिचा उजवा हात माझ्या डावीकडे होता.

मी पारावरच बसले. तेल माझ्या उजव्या हाताकडे होतं. मी स्वतः बोटाने खरवडलेलं, आणि तरी माझ्या टाळक्यात आलं नव्हतं. करवंदवाडीचं शेंबडं पोरसुद्धा इथे चुकणार नाही. इथे चुकेल तो बाहेरचा, दगडाकडे तोंड करून उभा राहिलेला, ज्याला वाटतं की उजवी बाजू म्हणजे आपली उजवी.

ज्याने तेल लावलं त्याला नकार नकोच होता. त्याला होकार हवा होता. म्हणून तर दाणा पडल्या पडल्या सगळ्या वाडीत एकट्यानेच टाळ्या वाजवल्या.

५

बुधवारी दुपारी मी अंबरनाथला समितीच्या खोलीवर गेले. गुरुदत्त एकटाच होता, पत्रकं मोजत. मी तेल, तानी, टाळ्या, सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, भांडेल. त्याने चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला.

"त्यांचं भलंच करत होतो ना," तो म्हणाला. "तांदळाच्या एका दाण्यावर एवढ्या लोकांच्या नोकऱ्या लटकवायच्या? तुम्हाला पटतं?"

"नाही पटत. मग पटवायचं होतंस त्यांना. त्यांचा देव हातात घेऊन फिरवायचा अधिकार तुला कुणी दिला?"

"मी चुकलो."

"चुकलास कुठे, तर बाजूत. बरोबर बाजूला लावलं असतंस तर आज पेढे वाटत फिरला असतास, आणि मला पण एक दिला असतास."

खरं सांगते, मला त्याची दयासुद्धा आली. किती वर्षांची मेहनत त्याने स्वतःच्या हाताने पुसून टाकली होती.

"उद्या वाडीत चल," मी म्हटलं. "देवीपुढे सांग, मी केलं. शिव्या घालतील, कोंबडा मागतील. मग दुसरा कौल लागेल. शुक्रवार अजून गेला नाही."

"ताई, मी कबूल केलं तर समिती उरेल? शहाडपासून वांगणीपर्यंत लोक म्हणतील, ज्याने देवीला फसवलं तो आम्हाला काय सोडणार. तुमच्या शिलाईवाल्यांचं पुढच्या महिन्यात सेठांशी बोलणं आहे. ते पण बुडेल."

"मग बुडू दे."

त्याने चष्मा पुसला, घातला. "उद्या येतो मी वाडीत. दुसरा कौल लागेल. तुम्हाला शब्द देतो."

मी त्या शब्दावर घरी गेले. एवढी भांडखोर बाई, आणि कोण कबूल करणार, हे विचारायचं मात्र माझ्या ध्यानात आलं नाही.

६

गुरुवारी सकाळी वाडी पुन्हा पारापुढे जमली. गुरुदत्त आला होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. बारकूने विचारलं, "कुनी केलं त्यानं पुढं यावं."

तुळशी पुढे आली.

पाराच्या खाली, विधवेने जिथवर यायचं तिथवर येऊन थांबली. काखेत कोंबडा होता. तिच्या अंगणात मी मंगळवारी कोंबडा काय, पीससुद्धा बघितलं नव्हतं.

"मी लावलं," ती म्हणाली. "माजं घर मोजलं नाय म्हनून लावलं."

गर्दीतून एक आवाज उठला, तो मला अजून ऐकू येतो. तिची सासू थुंकली. तानी तोंडावर पदर धरून तिच्याकडे बघत राहिली, पण बोलली नाही. तिच्या नवऱ्याची नोकरी त्या दगडावर होती.

मी गर्दी फाडून पुढे गेले. "खोटं आहे हे. बारकूबाबा, हिने नाही केलं. ही पार चढलीच नाही. हे केलं त्या—"

"बाय," बारकूने मला थांबवलं. आवाज मऊ होता. "ती सोताच्या तोंडानं बोलली. देवीपुढं. देवीपुढं खोटं कोन बोलंल?"

मी तुळशीकडे बघितलं. तिने मान हलवली, एवढीशी. गप्प बस म्हणून.

कोंबडा कापला. दगड राखेने घासून धुतला. बारकूने दाणे लावले. बायांची दोन गाणी म्हणून झाली तेव्हा दाणा पडला. देवीच्या उजव्या हाताचा.

ढोल वाजले, माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. गुरुदत्तने या वेळी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी त्याला पाराच्या मागे गाठलं.

"काय दिलंस तिला?"

"करारात तिचं घर वेगळं घालतोय," तो हळू आवाजात म्हणाला. "नोकरी, खोली, सगळं तिच्या नावावर. काल तहसीलच्या साहेबांशी बोलून आलो. बघा, तिचं पण भलंच झालं."

जे तिच्या हक्काचं होतं आणि ज्याला आधी मग बघू म्हणाला होता, तेच देऊन त्याने तिची अब्रू विकत घेतली. आणि मी पण, खोटं का बोलू, क्षणभर म्हटलं की चला, पोरीला घर तर मिळालं.

७

शुक्रवारी तहसील कचेरीत रांग लागली. एकेक घर पुढे येत होतं, अंगठा उठत होता. तुळशी शेवटी उभी होती, मुलीचं बोट धरून, धुतलेलं लुगडं नेसून.

साहेबाने कागद वाचला. "हे नवीन घर घातलंय. वाडीची हरकत नाही ना?"

विचारायचं म्हणून विचारलं त्याने. पेनसुद्धा खाली ठेवलं नव्हतं.

"हाय," तुळशीचा दीर म्हणाला.

मग बारकू पुढे आला. त्याला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "सायेब, हिनं देवी बाटवली. हिला आमच्यात धरली तं देवी कोपंल. आमी तिकडं पालेगावला देवी नेनार हाय. ही नको."

मी गुरुदत्तकडे बघितलं. आता तरी. एवढंच बोलायचं होतं त्याला, की हिने नाही, मी. तो खिडकीबाहेर बघत होता. बाहेर पेपरवाले उभे होते.

"तू बोलतोस की मी बोलू?" मी विचारलं.

मी तोंड उघडलं तर तुळशीने माझा दंड धरला. केवढी ताकद त्या हातात. मला ओढत तिने बाहेर व्हरांड्यात आणलं.

"बोलू नको."

"तुझं घर चाललंय, तुळशे."

"बोललीस तं कौल खोटा. कौल खोटा तं सगळ्यांचं अंगठं खोटं. समद्यांचं जाईल. तानीची पोरं उपाशी मरतील." तिने मुलीला जवळ ओढलं. "माजं तं तसं बी नव्हतंच."

आत साहेबाने तिच्या घरावर रेघ ओढली. वाडी बाहेर आली, फोटो निघाले. गुरुदत्तच्या गळ्यात झेंडूचा हार, बारकूच्या पण. तानी आमच्यासमोरून गेली तेव्हा जरा थांबली. मग नवऱ्याने हाक मारली आणि ती गेली.

नोकऱ्या मिळाल्या, खोल्या मिळाल्या, एसटी पण सुरू झाली. हे सगळं खरं आहे. पालेगावच्या त्या चाळीत आजही गुरुदत्तचं नाव काढलं की म्हातारी माणसं हात जोडतात. मी समिती सोडली. का सोडली, ते मात्र कुणाला सांगता येत नाही, आणि लोक म्हणतात कुंदाचं कुणाशीच पटत नाही.

त्या दिवशी आम्ही दोघी कचेरीच्या पायरीवर किती तरी वेळ बसलो होतो. भट्टीवर न्यायला चांगोने तिला हो म्हटलं होतं. मुलीसकट नेतो म्हणाला. एवढ्या माणसांत तोच एक.

उठताना तुळशीने मला विचारलं, "बाय, तेल कुनी लावलं ते देवीला तं ठावं व्हतं ना?"

"असेल."

"मंग मी कोंबडा दिल्यावर तिनं होकार कसा दिला?"

मी देव मानत नाही. एरवी मी तिला तेच सांगितलं असतं. पण ती उत्तरासाठी थांबली होती, आणि मी खाली वाकून तिच्या पोरीचं बोट धरलं.